चिन्ह उलटलं, प्रथिन आरशात गेलं: 'एमएसबीए' प्रकरणाचा अभ्यास

२२ डिसेंबर २००६ च्या 'सायन्स'च्या अंकात, पत्रांच्या विभागात, एक छोटं निवेदन छापून आलं. कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतले जेफ्री चँग आणि त्यांचे सहकारी याच नियतकालिकात आलेले आपले तीन शोधनिबंध मागे घेत होते. त्यांच्यासोबत आणखी दोन गेले, एक 'पीएनएएस'मधला आणि एक 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी'मधला. पाचही निबंध पेशीच्या पटलात बसलेल्या प्रथिनांच्या रचनेबद्दल होते आणि पाचांमागचं कारण एकच होतं. मोजमापांवर प्रक्रिया करणाऱ्या एका घरगुती प्रोग्रॅमने आकड्यांच्या दोन स्तंभांची अदलाबदल केली होती.

यात फसवणूक नव्हती. कोणी आकडे रचले नव्हते. चँग हे त्या काळी या क्षेत्रातलं मोठं नाव होतं. कॅलटेकमध्ये डग्लस रीस यांच्याकडे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधक, असताना त्यांनी १९९८ मध्ये 'एमएससीएल' या पटलातल्या वाहिनीची रचना काढली होती आणि ती आजही शाबूत आहे. २००१ चा एमएसबीए या जिवाणूंमधल्या प्रथिनावरचा निबंध तर मागे घेईपर्यंत साडेतीनशेहून अधिक निबंधांत उद्धृत झाला होता.

हे प्रकरण साधारणपणे 'एका वजाच्या चिन्हाने पाच पेपर बुडवले' असं सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. प्रोग्रॅममधली चूक पाच मिनिटांत समजते. ती पाच वर्षं का टिकली हे समजून घ्यायला मात्र क्ष-किरणांच्या ठिपक्यांपासून अणूंपर्यंतची सगळी आकडेमोड बघावी लागते, कारण या आकडेमोडीच्या जवळजवळ प्रत्येक पायरीला ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. ज्या थोड्या जागी दिसू शकली असती, तिथे निकालाचा बचाव करणारं काही ना काही हाताशी होतं.

प्रथिन कोणतं आणि एवढं महत्त्वाचं का

ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या आतल्या पटलात एमएसबीए नावाचा पंप असतो. लिपिड-ए नावाचा स्निग्ध रेणू तो पटलाच्या आतल्या थरातून बाहेरच्या थराकडे पलटतो आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतो. ५८२ अमिनो आम्लांची एक साखळी, अशा दोन साखळ्या मिळून एक पंप. प्रत्येक साखळी पटलातून सहा वेळा आरपार जाते, म्हणजे सहा हेलिक्स (मळसूत्रासारखी वेटोळी), आणि तिच्या पेशीतल्या टोकाला एटीपी धरणारा एक गोळा असतो.

याच कुळात माणसाचं पी-ग्लायकोप्रोटीन येतं. कर्करोगाच्या पेशी औषध आत आलं की याच पंपाने ते बाहेर फेकतात आणि केमोथेरपी निकामी होते. जिवाणूंमधले काही भाऊबंद प्रतिजैविकं बाहेर काढतात. २००१ मध्ये या कुळातल्या एकाही अख्ख्या पंपाची रचना कोणाकडे नव्हती. एटीपी धरणाऱ्या सुट्या गोळ्याची होती. 'हिसपी'ची रचना १९९८ मध्येच आली होती, तीही १.५ अँगस्ट्रॉमपर्यंत. (रचनेत किती बारीक तपशील दिसतो याचं हे माप, म्हणजे रिझोल्यूशन; आकडा जितका लहान, तितकं चित्र स्पष्ट.) पण पटलातला भाग अंधारातच होता. पटलातल्या प्रथिनांचे स्फटिक धरणं हे जिकिरीचं काम; साबणासारख्या द्रावणात प्रथिन तरंगत ठेवायचं, त्यातून स्फटिक वाढवायचे आणि ते बहुतेक वेळा कच्चेच निघायचे. अशा वेळी ४.५ अँगस्ट्रॉमची का होईना, पहिली अख्खी रचना आली. लोकांनी ती डोक्यावर घेतली.

पुढे ओळीने रचना येत गेल्या: कॉलऱ्याच्या जिवाणूचं एमएसबीए २००३ मध्ये, साल्मोनेलाचं २००५ मध्ये, आणि दरम्यान 'ईएमआरई' या ११० अमिनो आम्लांच्या छोट्या पंपाच्या दोन रचना, २००४ आणि २००५ मध्ये. पाचांचं रिझोल्यूशन ३.७ ते ४.५ अँगस्ट्रॉमच्या दरम्यान होतं. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो सगळ्या भानगडीच्या मध्यभागी येणार आहे.

ठिपके मिळतात, फेज हरवते

स्फटिकावर क्ष-किरण टाकले की डिटेक्टरवर हजारो ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपक्याला तीन पूर्णांकांचा पत्ता असतो आणि एक तीव्रता असते. तीव्रतेचं वर्गमूळ काढलं की त्या लाटेची उंची मिळते. पण लाट कुठून सुरू झाली, म्हणजे तिची फेज काय, हे डिटेक्टरला कळत नाही. उंची आणि फेज दोन्ही असतील तरच सगळ्या लाटांची गणिती बेरीज (फूरिए बेरीज) करून इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा काढता येतो. त्यातही फेजचं वजन जास्त. एका प्रथिनाच्या उंच्या आणि दुसऱ्याच्या फेज घेऊन नकाशा काढला तर तो दुसऱ्यासारखा दिसतो.

फेज परत मिळवण्याचा एक जुना मार्ग म्हणजे स्फटिकात पारा, ऑस्मियम, सेलेनियम असे जड अणू घुसवणं. हे अणू ठरावीक तरंगलांबीचे क्ष-किरण थोडे वेगळ्या पद्धतीने विखुरतात. एरवी एखाद्या पत्त्यावरचा ठिपका आणि त्याच्या बरोबर उलट पत्त्यावरचा ठिपका यांची तीव्रता सारखीच असते. याला फ्रीडेलचा नियम म्हणतात. जड अणूंमुळे तो किंचित मोडतो आणि जोडीतल्या दोन ठिपक्यांत एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो. या फरकाला अनोमलस फरक म्हणतात.

या एक-दोन टक्क्यांचा इतिहास मोठा आहे. नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट इथे बायफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये याच फरकावरून एका टार्टरेटच्या रेणूतले अणू खरोखर कोणत्या बाजूला आहेत हे ठरवलं. त्याआधी रसायनशास्त्रातलं डावं-उजवं हा नुसता संकेत होता. आणि या फरकातून थेट फेज कशी काढायची हे १९५६ मध्ये मद्रासहून जी. एन. रामचंद्रन आणि एस. रामन यांनी 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. रामचंद्रन म्हटलं की सगळ्यांना प्रथिनांच्या साखळीतल्या कोनांचा त्यांचा १९६३ चा आलेख आठवतो. हे काम त्या मानाने मागे पडलं. या प्रकरणाशी संबंध दोन्हींचा आहे, पण खरी नस १९५६ च्या कामात आहे.

दोन स्तंभ

एक ठिपका घेऊ. त्याच्या जोडीतल्या पहिल्याची तीव्रता, तिला आय-प्लस म्हणू, समजा १०६०९ आली आणि दुसऱ्याची, आय-मायनस, १०२०१. फाइलमध्ये हे आकडे एका ओळीत शेजारी-शेजारी बसतात. पुढच्या टप्प्यासाठी वर्गमूळं हवीत: एफ-प्लस १०३, एफ-मायनस १०१. फरक अधिक दोन. चँग यांच्या निवेदनानुसार त्यांच्या प्रोग्रॅमने आय-प्लस आणि आय-मायनसची जोडी घेतली आणि ती एफ-मायनस आणि एफ-प्लस म्हणून पुढे ढकलली. म्हणजे वर्गमूळं बरोबर, आकडे बरोबर, फक्त मथळे उलटे. फरक झाला वजा दोन. हा प्रोग्रॅम कोणत्याही प्रचलित पॅकेजचा भाग नव्हता, आणि एमएसबीए असो की ईएमआरई, सगळी मापं त्यातूनच गेली होती. त्यामुळे पाचही रचनांमध्ये प्रत्येक फरकाचं चिन्ह फिरलं.

एखाद-दुसऱ्या ठिपक्याचं चिन्ह चुकलं असतं तर तो नुसता गोंगाट ठरला असता. अर्ध्यांचं चुकलं असतं तर नकाशाच आला नसता आणि लगेच कळलं असतं. इथे सगळ्यांचं एकदम चुकलं आणि तेच घातक ठरलं. कारण गणिताच्या दृष्टीने सगळ्या जोड्या उलटवणं म्हणजे स्फटिकाच्या आरशातल्या प्रतिमेचीच मापं घेणं. आकड्यांत कुठेही विसंगती उरत नाही. ती फाइल एका स्फटिकाची अगदी प्रामाणिक नोंद आहे. फक्त तसा स्फटिक जगात नाही.

पुढच्या पायऱ्या याच नजरेने बघाव्यात. आधी जड अणूंच्या जागा शोधायच्या. त्यासाठी पॅटरसन नकाशा किंवा त्याच धर्तीची थेट पद्धत वापरतात आणि तिला फरक किती मोठा एवढंच लागतं, चिन्ह लागत नाही. त्यामुळे उत्तर दोन येतात, एक आणि त्याचं आरशातलं. दोन्हींपासून फेज काढून बघायच्या आणि ज्याचा नकाशा स्वच्छ येईल तो खरा मानायचा, असा रिवाज आहे. इथे अनोमलस फरकाचं चिन्ह पंच म्हणून काम करतं. पंचच उलटा असेल तर स्वच्छ नकाशा आरशातल्या उत्तराचा येतो आणि खऱ्या उत्तराचा येतो चोथा. प्रोग्रॅमला शंका येण्याचं कारणच नाही. उलट दोन नकाशांतला फरक जितका मोठा, तितका आपल्या निवडीवरचा विश्वास पक्का.

त्यानंतर नकाशा उजळायचा. प्रथिनांच्या मधल्या जागेत पाणी असतं, तिथली घनता सपाट करायची आणि फेज सुधारत जायचं. पाणी आरशातही सपाटच असतं. एकाच प्रथिनाच्या अनेक प्रती स्फटिकात असतील तर त्यांची सरासरी काढायची. आरशातल्या प्रतीही एकमेकींसारख्याच असतात. नकाशा हळूहळू सुरेख होत जातो. पटल कुठे, पाणी कुठे, हेलिक्सच्या नळ्या कुठे, सगळं दिसू लागतं.

हेलिक्स उजवी की डावी

इथे कोणीही विद्यार्थी विचारेल: आरशात हेलिक्स डावी दिसायला हवी, ती दिसली नाही का? प्रश्न बरोबर आहे. जीवसृष्टीतली अमिनो आम्लं एकाच हाताची, म्हणजे डाव्या-उजव्या दोन रूपांपैकी एकाच रूपाची, त्यामुळे त्यांची अल्फा हेलिक्स उजव्या वळणाची. शंख हातात घेतला की तो दक्षिणावर्ती की वामावर्ती हे वळणं बघून सांगता येतं. पण तोच शंख जाड कापडात गुंडाळून दिला तर हाताला नुसता निमुळता गोळा लागतो.

४.५ अँगस्ट्रॉमला नेमकं हेच होतं. अल्फा हेलिक्सचं एक वळण ५.४ अँगस्ट्रॉम उंचीचं. या रिझोल्यूशनला वळणांमधली खाच जवळपास भरून जाते आणि हेलिक्स म्हणजे एक गुळगुळीत नळी उरते. तीन अँगस्ट्रॉमच्या आसपास वळणं आणि बाजूच्या साखळ्या दिसू लागतात. तिथे डावी हेलिक्स दिसली की पहिल्याच तासात आरडाओरडा होतो. ३.७-३.८ हा मधला प्रदेश. तिथे नकाशा चांगला असेल तर बरंच कळतं आणि वाईट असेल तर माणूस जे शोधायला बसतो ते त्याला सापडतं.

नळी दिसली की मॉडेल बांधणारा तिच्यात आदर्श उजवी हेलिक्स ठेवतो. दुसरं काही ठेवणं रसायनशास्त्रात बसतच नाही. परिणाम असा की जे मॉडेल तयार झालं ते खऱ्या प्रथिनाची आरशातली प्रतिमासुद्धा नव्हतं. नळ्यांची मांडणी आरशातली आणि प्रत्येक नळीच्या आतलं वळण खऱ्या जगातलं, असा तो संकर होता. स्फटिकशास्त्रज्ञ ब्रायन मॅथ्यूज यांनी २००७ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं. या रचनांना नुसतं 'उलटलेल्या' म्हणून चालणार नाही, त्या चुकीच्या आहेत. संगणकात एक बटण दाबून सगळं आरशात फिरवलं असतं तर मांडणी बरोबर झाली असती, पण मग सगळ्या हेलिक्स डाव्या झाल्या असत्या.

त्यात भर म्हणजे नळ्या एकमेकींना जोडणारे फासे नकाशात तुटक होते. कोणती नळी कोणत्या नळीला जोडायची हे मग अंदाजानेच ठरवावं लागतं. चँग यांच्या निवेदनातही कमी रिझोल्यूशन आणि तुटके फासे ही कारणं दिलेली आहेत. रामचंद्रन आलेखाचाही इथे उपयोग नाही. आदर्श हेलिक्स ठेवली की तिचे कोन आलेखात आपोआप योग्य जागी बसतात. मॉडेल बांधताना जे गृहीत धरलं, तेच तपासणीत परत वाचलं जातं.

एक घंटा वाजायला हवी होती

आतापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या आंधळ्या होत्या. पण एक पायरी तशी नव्हती. मॉडेल तयार झालं की त्यावरून ठिपक्यांच्या उंच्या उलट मोजता येतात आणि प्रत्यक्ष मोजलेल्या उंच्यांशी ताडून बघता येतात. तफावतीच्या आकड्याला आर म्हणतात. मॉडेल आकड्यांना जबरदस्तीने चिकटवलं जाऊ नये म्हणून पाच-दहा टक्के ठिपके आधीच बाजूला काढून ठेवतात आणि फक्त त्यांच्यावर आर-फ्री मोजतात. ही युक्ती ॲक्सेल ब्रुंगर यांनी १९९२ मध्ये आणली. या ताळ्यासाठी बहुधा जोडीची सरासरी वापरतात, आमच्या उदाहरणात १०२. स्तंभ उलटले तरी १०२ च. म्हणजे अदलाबदल या आकड्याला दिसत नाही, पण संकरित मॉडेल दिसतं. उजव्या हेलिक्स आणि आरशातली मांडणी असलेलं मॉडेल कोणत्याच खऱ्या स्फटिकाच्या उंच्या नीट देऊ शकत नाही. आर चढाच राहणार.

इथे बहुप्रती रिफाइनमेंट (मॉडेल मापांशी जुळवत नेण्याची एक पद्धत) आडवी आली. या पद्धतीत एकाच जागी मॉडेलच्या अनेक प्रती ठेवतात, प्रत्येकीला थोडं वजन देतात आणि सगळ्या एकाच वेळी हलू देतात. कल्पना वाईट नाही. प्रथिन स्फटिकातही थोडं डुलत असतं, ते यातून पकडता येतं. पण प्रतींबरोबर बदलता येण्याजोग्या संख्या वाढतात. आणि मापं किती? ठिपक्यांची संख्या रिझोल्यूशनच्या घनाप्रमाणे घटते. एकच स्फटिक ३ ऐवजी ४.५ अँगस्ट्रॉमपर्यंतच विखुरत असेल तर मापं एक तृतीयांशाहूनही कमी उरतात. थोडी मापं आणि पुष्कळ मोकळीक, मग चुकीचं मॉडेलही बऱ्यापैकी जुळवता येतं. निवेदनात हेही मान्य केलेलं आहे: या पद्धतीमुळे चुकीच्या रचनांनाही स्वीकारार्ह वाटतील असे आकडे मिळाले.

माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे. प्रोग्रॅममधली चूक अपघात होता. चढा आर हा मात्र निरोप होता, आणि तो खाली आणण्यासाठी अधिक ताकदवान यंत्र लावलं गेलं. आर का चढा आहे हा प्रश्न आणि आर कसा खाली आणायचा हा प्रश्न, दोन्ही एकाच टेबलावर असतात. रात्री अकराला बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधतात.

बाहेरचे साक्षीदार

स्फटिकाबाहेरून पुरावा येतच होता. २००२ मध्ये टोरांटो विद्यापीठातले डेव्हिड क्लार्क आणि त्यांचे सहकारी माणसाच्या पी-ग्लायकोप्रोटीनवर सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोड्या बांधण्याचे प्रयोग करत होते. प्रथिनात दोन ठरावीक जागी सिस्टीन घालायचं; त्या जागा जवळ असतील तर दोघांत गंधकाचा बंध होतो, लांब असतील तर होत नाही. त्यांना दिसलं की पंपाच्या एका अर्ध्याची एटीपी धरणारी जागा दुसऱ्या अर्ध्यातल्या अमिनो आम्लांच्या एका विशिष्ट क्रमाला खेटून असते. सुट्या गोळ्यांच्या रचनांतूनही हेच चित्र येत होतं: दोन गोळे समोरासमोर, मध्ये दोन एटीपी दाबलेले. २००१ च्या एमएसबीएमध्ये मात्र गोळे एकमेकांपासून दूर होते आणि त्यांची तोंडंही तशी नव्हती.

मग कोणाचं ऐकायचं? स्फटिकाच्या रचनेचं चित्र मुखपृष्ठावर शोभतं. सिस्टीनच्या जोड्यांचा तक्ता शोभत नाही. एमएसबीएच्या रचनेशी न जुळणारे आपले निबंध छापून आणताना त्रास झाला, असं क्लार्क यांनी प्रकरण उघड झाल्यावर सांगितलं. ब्रँडाइस विद्यापीठाचे क्रिस्टोफर मिलर यांनीही जानेवारी २००७ मध्ये 'सायन्स'ला पत्र लिहून विचारलं की चित्रं देखणी आहेत, पण वर्षानुवर्षं जमलेल्या जैवरासायनिक पुराव्याचं काय? नियतकालिकांसाठी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांनी पेपर परत पाठवताना चुकीची रचना हाच निकष धरला असेल, तर त्या वर्षांत किती बरोबर कामं खोळंबली याचा हिशेब कोणाकडेच नाही. पाच मागे घेतलेल्या निबंधांपेक्षा मला हे नुकसान मोठं वाटतं.

ईएमआरईच्या बाबतीत गुंता वेगळा. त्या पंपाच्या दोन साखळ्या पटलात एकाच दिशेने बसतात की एक सरळ आणि एक उलटी, यावर वाद होता. २००५ च्या रचनेने उलट-सुलट असं उत्तर दिलं. हेलिक्सची मांडणी मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आधीच दाखवलेल्या चित्राशी जुळत नव्हती. गंमत अशी की पुढे सुधारलेल्या रचनेतही साखळ्या उलट-सुलटच निघाल्या. चुकीच्या रचनेतून एक बरोबर विधान निघालं होतं, आणि रचना पडली तेव्हा काही काळ तेही तिच्याबरोबर संशयात गेलं.

झुरिकहून आलेलं उत्तर

सप्टेंबर २००६ मध्ये 'नेचर'मध्ये रॉजर डॉसन आणि कास्पर लोकर यांचा निबंध आला. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात त्यांनी स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या 'एसएव्ही१८६६' या एमएसबीएच्या जवळच्या नातलगाची रचना काढली होती, ३ अँगस्ट्रॉमला. इथे बाजूच्या साखळ्या दिसत होत्या, हेलिक्स उजव्या होत्या, एटीपीचे गोळे समोरासमोर होते. सर्वांत वेगळी गोष्ट म्हणजे दोन साखळ्या एकमेकींना पीळ घालून बसलेल्या: एका साखळीचा आतल्या बाजूचा फासा स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्या साखळीच्या गोळ्यावर टेकलेला. क्लार्क यांच्यासारख्यांचे प्रयोग याच्याशी जुळत होते, एमएसबीए जुळत नव्हतं. लेखकांनी सभ्य भाषेत, जपून, लिहिलं की आधीच्या रचनेचा फेरविचार करावा लागेल. लोकरही रीस यांच्याच प्रयोगशाळेतून आलेले. २००२ मध्ये त्यांनी तिथेच 'बीटीयूसीडी' या कुळातल्या दुसऱ्या पंपाची रचना काढली होती.

चँग यांनी हे बघून आपली आकडेमोड मुळापासून तपासली आणि उलटे स्तंभ सापडले. 'नेचर'मधला निबंध ते मागे घेण्याचं निवेदन यात जेमतेम चार महिनेही गेले नाहीत. अशा वेळी वर्षानुवर्षं वकिली भाषेत भांडणारे लोक विज्ञानात कमी नाहीत, त्यामुळे ही गोष्ट नोंदवायला हवी.

आज हे कुठे पकडलं जाईल

बऱ्याच जागी. आता फेज काढण्यासाठी बहुतेक वेळा आधीची एखादी रचना किंवा अल्फाफोल्ड या रचना वर्तवणाऱ्या प्रोग्रॅमने दिलेलं मॉडेल स्फटिकाच्या पेटीत बसवून बघतात. त्या मॉडेलमधली अमिनो आम्लं खऱ्या हाताची असतात, त्यामुळे निघणारी रचना आरशातली येऊच शकत नाही. आणि स्तंभ उलटले असतील तर तेही दिसतं. अशा मॉडेलच्या फेज घेऊन अनोमलस फरकाचा नकाशा काढायचा. पारा किंवा गंधकाच्या जागी शिखर यायला हवं. तिथे तेवढाच खोल खड्डा आला तर चिन्ह उलटं आहे. एवढी थेट खूण दुसऱ्या कुठल्या तपासणीत क्वचितच मिळते.

चिन्ह उलटण्याचे रस्ते मात्र अजून आहेत. स्फटिक फिरवणारा दांडा फाइलमध्ये लिहिलेल्या दिशेच्या उलट फिरत असेल, किंवा डिटेक्टरची प्रतिमा आडवी पलटून साठवली जात असेल, तर नेमकी हीच अदलाबदल प्रोग्रॅमला हातही न लावता होते. म्हणून नवी बीमलाइन (क्ष-किरणांचा झोत स्फटिकापर्यंत आणणारी मांडणी) असो, उदाहरणार्थ भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर उभारलेली, किंवा स्वतः लिहिलेली पन्नास ओळींची स्क्रिप्ट असो, पहिल्यांदा तिच्यातून लायसोझाइमसारखं ओळखीचं प्रथिन अथपासून इतिपर्यंत पाठवावं आणि हेलिक्स उजव्या येतात का ते बघावं. मापं जमा करणंही आता ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी २००८ पासून प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या भांडारात, रचनेबरोबर ठिपक्यांचे आकडे देणं सक्तीचं आहे, त्यामुळे कोणीही परत गणित करून बघू शकतो.

गोठवलेल्या प्रथिनांची चित्रं घेणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे वळलेल्यांनी मात्र निर्धास्त होऊ नये. तिथे नुसत्या प्रक्षेपांवरून, म्हणजे सपाट चित्रांवरून, नकाशाचा हात ठरतच नाही. दोन्ही उत्तरं आकड्यांना सारखीच पटतात. रिझोल्यूशन चांगलं असेल तर हेलिक्स बघून नकाशा पलटवतात. पाच-सहा अँगस्ट्रॉमला अडकलेल्या नकाशात तोच जुना प्रश्न परत उभा राहतो.

२००७ च्या शेवटी चँग यांच्या गटाने 'पीएनएएस'मध्ये एमएसबीएच्या सुधारलेल्या रचना छापल्या, ३.७ ते ५.५ अँगस्ट्रॉमच्या, पंपाच्या वेगवेगळ्या अवस्थांमधल्या. न्यूक्लिओटाइड (एटीपीसारखा रेणू) धरलेली अवस्था एसएव्ही१८६६शी जुळली आणि साखळ्यांचा पीळ जागेवर आला. गोळे एकमेकांपासून लांब असलेली उघडी अवस्था या संचातही निघाली, पण मांडणी वेगळी होती. ईएमआरईची दुरुस्ती त्याच वर्षी आली. २००९ मध्ये याच गटाने उंदराच्या पी-ग्लायकोप्रोटीनची रचना 'सायन्स'मध्ये दिली, ३.८ अँगस्ट्रॉमला. हात या वेळी बरोबर होता. पण काही हेलिक्समध्ये अमिनो आम्लं साखळीवर पुढे-मागे सरकलेली होती, कारण त्या रिझोल्यूशनला बाजूच्या साखळ्या कुठे संपतात ते नीट दिसत नाही. २०१२ मध्ये एका सूत्रकृमीच्या पी-ग्लायकोप्रोटीनची ३.४ अँगस्ट्रॉमची रचना आली, तिच्याशी ताडून हे सरकणं लक्षात आलं, आणि मूळ मापांवरच नव्याने काम करून सुधारलेलं मॉडेल डेटा बँकेत गेलं. त्या दुरुस्तीच्या लेखकांत २००९ च्या निबंधाचा पहिला लेखकही होता.